नावानिशी

"अहो, चहा गार होतोय!" शुक्रवारी सकाळी सुनेत्राने नेहमीसारखी हाक मारली.

"आलो, अहोबाई!" तिचा पोलिश नवरा पिओत्र म्हणाला. तिच्या पहिल्या लग्नाची मुलगी मैथिली पुस्तकातून वर न बघताच हसली. लग्न खरं की खोटं हे तपासायला सरकारने भिंतीवर बसवलेलं व्हिसायंत्र नऊ वर्षं ऐकत होतं, तसंच ऐकत राहिलं.

शनिवारी निकाल आला. पत्नीने पतीचं नाव एकदाही उच्चारलेलं नाही, म्हणून नातं बनावट. पतीने उद्याच देश सोडावा.

"अहो म्हणजे हेच की!" सुनेत्रा कळवळून म्हणाली.

"या पत्त्यावर 'अहो' नावाचं कोणी राहत नाही," यंत्राने सांगितलं.

रविवारी विमानतळाच्या दारातल्या यंत्राने पिओत्रला निरोप द्यायला आलेल्या मैथिलीला अडवलं. "तुमचं नातं नोंदलेलं नाही. हे तुमचे कोण?"

नऊ वर्षांत तिने त्याला कशानेच हाक मारली नव्हती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली.