मिटल्या डोळ्यांची पंगत

वारज्याच्या त्या बालवाडीत पोरं जेवायला बसली की बाई म्हणायच्या, "डोळे मिटा, हात जोडा आणि ताट वाढणाऱ्या बाप्पाला थँक्यू म्हणा." डोळे उघडेपर्यंत प्रत्येकापुढे वाफाळती खिचडी! त्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या यमुनामावशी बांगड्या काढून, चवड्यांवर, ढगातून चालावं तशा पंगतीत वाढत फिरायच्या. त्या वाफेत त्यांना आपले हात आपले वाटायचेच नाहीत.

एके दुपारी ताटात खिचडी पडताना चिमुकली अपेक्षा मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटली, "बाप्पा, आमच्या मावशीलापण वाढ ना. ती रोज पातेल्यातली खरवडच खाते."

मावशींचा हात हवेतच थांबला.

त्या दिवशी बाप्पाने एक ताट जास्त वाढलं.