एफ-टूचा जप

“आई, संगणक सुरू होताच एफ-टूची कळ दाबत राहा, थांबू नकोस; सेटिंगचा पडदा उघडेल,” लेकीने फोनवर बजावलं होतं.

नातीच्या बारशासाठी कुमुदताईंनी रचलेला पाळणा त्या संगणकातच होता, आणि यजमानांनी नको तिथे हात घालून सिक्युअर बूटचं, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सुरक्षेचं, सेटिंग बिघडवल्याने तो पुरता सुरूच होईना. बारसं त्याच संध्याकाळी.

यजमान कळ दोनदा दाबून, दारावरची बेल वाजवल्यासारखे वाट बघत बसत. कुमुदताईंनी जपमाळ घेतली. एक मणी, एक “श्रीराम”, एक एफ-टू.

“तुझ्या जपाने उघडलं, तर मी अनवाणी टेकडीवरच्या रामाला जाईन!” ते हसले.

अकराव्या मण्याला सेटिंगचा निळा पडदा उघडला. “अगं, थांब, उघडलं!”

“अहो, माळ अर्ध्यावर सोडू?” एकशे आठ पुरे करूनच त्यांनी सेटिंग पूर्ववत केलं. पाळणा दिसताच त्या खुदुखुदू हसत गाऊच लागल्या.

यजमानांनी गुपचूप चपला काढल्या आणि उन्हातच टेकडीची वाट धरली.