फाटकावरचा माणूस

चीनमधल्या वूशी शहरातल्या रुइलाननं गोदामाचं चित्र संगणकावर असं हुबेहूब केलं, की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. एका कंपनीला ते गोदाम अजून बांधायचं होतं. फाटकावर पहारेकरी हवा, म्हणून तिनं कौतुकानं आपल्या बाबांचाच फोटो तिथं बसवला. त्याच कंपनीच्या जुन्या गोदामावर ते अकरा वर्षं पहारा देत होते आणि नव्यावरही तेच जाणार होते.

कंपनीच्या फेंगसाहेबांनी चित्र पाहिलं. "सगळं झकास! तेवढा फाटकावरचा म्हातारा हटवा. कोऱ्या इमारतीला शोभत नाही. चांगला उंचापुरा पोरगा उभा करा."

गिऱ्हाइकापुढे काय बोलणार? तिनं बाबांना चित्रातून उडवलं आणि पोरगा उभा केला.

वर्षभरानं गोदाम झालं. पाहणीला बडे अधिकारी येणार, म्हणून फेंगसाहेबांनी मंजूर झालेलं चित्र हातात धरून एकेक झाड चित्रातल्या जागी लावून घेतलं. त्याच दिवशी बाबांचा फोन आला.

"घरी बसवलं गं मला. चित्रातल्यासारखाच माणूस हवा म्हणे."

रुइलाननं संगणकावर ते चित्र उघडलं.

"पण ज्यानं कुणी चित्र केलंय, त्यानं पोरगा काय जिवंत काढलाय! तुला कधी जमायचं गं असं?"