पायातला जोर

धाकटी जाऊ विजेची सायकल घेऊन आली, तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. थोरलीचं सायकल दुरुस्तीचं दुकान शाळेच्या चढाच्या पायथ्याशी होतं, आणि शिकवायला जाणारी धाकटी रोज तिच्या डोळ्यांदेखत गाणं गुणगुणत वर जायची.

एकदा ती सायकल ब्रेकसाठी दुकानात आली. तिच्या पायडलपाशी एक सेन्सर होता. पायडल जितक्या जोराने दाबावं, तितकाच हातभार मागच्या चाकातली मोटर लावायची. थोरलीने ब्रेक नीट केले आणि जाता जाता मोटरची मदत अगदी नावापुरती करून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी धापा टाकत चढू लागली. ते बघून थोरलीच्या जिवाला गार वाटायचं.

तीन आठवड्यांनी धाकटी दुकानात येऊन बसली. "ताई, मोटर पायाचा जोर बघूनच मदत करते ना? मग माझ्याच पायांत काही उरलं नाही बघा. नोकरी सोडावी म्हणते."

थोरलीने हातातला पाना खाली ठेवला. "पाय ठणठणीत आहेत तुझे. मोटर मीच कमी केली होती. जळत होते तुझ्यावर."

धाकटीने दाराबाहेरच्या चढाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे इतके दिवस हा चढ मी माझ्याच पायांनी चढले?"

तिने मोटर पार बंद केली आणि सायकलवर बसून चढाला लागली. थोरली बघतच राहिली. हेवा करायला आता कुठे तिला खरं कारण मिळालं होतं.