पलंगाखालचं दुकान

पलंगाखालचं खोकं रिकामं होतं. सेलमधून आणून मी ऑनलाइन विकलेले बारा काचेचे डबे आज कुरिअरने जायचे होते. तान्हीला पोटाशी बांधून त्यांच्यासाठी दोन तास रांगेत उभी राहिले होते.

“कालच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटले,” सासूबाई हसल्या. “घरातलेच तर होते!”

“माझ्या दुकानातले होते, आई.”

“पलंगाखाली कसलं गं दुकान?”

कानशिलं तापली. ओरडलेच असते, पण कुशीत लेक झोपली होती. तिला थोपटत एकेका गिऱ्हाइकाची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी नवे डबे आणले, पेटीत ठेवले आणि कुलूप घातलं.

सासूबाईंनी हात पुढे केला. “किल्ली दे गं, एक डबा हवाय.”

“लेकीला पाजतेय, आई. दुकान चार वाजता उघडतं.”