अमेरिकेची इस्त्री

कोळशाच्या इस्त्रीतून ठिणगी उडायची आणि शर्टाला भोक पडायचं. कंपनीनं ट्रेनिंगला अमेरिकेत पाठवलं, तेव्हा म्हणूनच उद्धवरावांनी कौशल्याबाईंसाठी तिकडून खास विजेची इस्त्री आणली. पिंपरीच्या क्वार्टरमध्ये पोचल्यावर कळलं, तिच्या पिना चपट्या आणि भिंतीतल्या प्लगची भोकं गोल. युनूस वायरमननं पिना बदलून दिल्या, पण इस्त्री काही लावू दिली नाही.

"साहेब, ही एकशेदहा व्होल्टवर चालते. आपल्याकडं दोनशेतीस. बटण दाबलं की हिची राख."

मधे ट्रान्सफॉर्मर हवा होता. उद्धवरावांनी पुणं पालथं घातलं, मुंबईला पत्रं धाडली, कंपनीच्या स्टोअरकीपरच्या मिनतवाऱ्या केल्या. रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट अंगात चढवताना ते अमेरिकेवर करवादायचे, "एवढा मोठा देश, पण साधी पिन गोल करता येत नाही त्यांना." कौशल्याबाई जेवणाचा डबा त्यांच्या हातात द्यायच्या.

चौथ्या महिन्यात शेवटी युनूसनंच स्वतः तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर तयार केला आणि पाट्याएवढं ते धूड घरी आणून ठेवलं. उद्धवरावांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "अगं, ती इस्त्री आण आता."



कौशल्याबाई ती फडक्यात धरून घेऊन आल्या. "जपून धरा, आत्ताच शेगडीवरनं उतरवलीय," त्या म्हणाल्या, "आणि वायर मागच्या दारी बांधलीय, तिच्यावर तुमचे शर्ट वाळतायत."