हार्लनच्या नावाने फोन

वासिलीने रिसीव्हरवर रुमाल धरला, आवाज घोगरा केला आणि शेजाऱ्याच्या विमानाचा नंबर सांगितला.

"हार्लन बोलतोय. घाटापलीकडे जायचंय. हवा कशी आहे?"

पलीकडे हवामान केंद्रातल्या डोरीनने पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नेहमीच्या सुरात तिने सगळं सांगितलं. घाटात ढग खाली आलेत, बारीक पाऊस आहे, दुपारनंतर आणखी बिघडेल. आणि शेवटी म्हणाली, "तू जाऊन बघ, हार्लन. तुला मी काय सांगायचं!"

वासिलीने फोन आपटला. सापडली चोरी! थोड्या वेळापूर्वी हीच बाई, हाच घाट आणि हेच ढग होते. फक्त तो फोन त्याने स्वतःच्या नावाने केला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "आज नको, वासिली. विमान बाहेर काढूच नकोस."

कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्याला उन्हाळाभर वाटत होतं. डोरीन बाहेरची, सपाट मुलखातली. वैमानिकांना उड्डाणाआधी हवा सांगायची, एवढंच तिचं काम. स्वतः आयुष्यात कधी विमान चालवलेलं नाही. आणि हार्लन? निम्म्या वेळा वाटेतून परत येणारा माणूस. अख्खं अलास्का हसेल अशा वैमानिकाला ही 'जाऊन बघ' म्हणते, आणि तीस वर्षांत एकदाही मागे न वळलेल्या वासिलीला 'नको'! हार्लन विधुर होता. साल्मन मासा धुरावर सुकवावा तर त्यानेच, असं गाव म्हणायचं. त्या माशांची पुडकी दर आठवड्याला केंद्राच्या दारातून आत जाताना वासिलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मग कशाला हवं आणखी काही?

आज तर त्याचं डोकंच फिरलं. घाटापलीकडच्या गावात, दुपारी, त्याच्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा होता. बायको डाकेच्या विमानाने कालच पुढे गेली होती. मुलीच्या, नादियाच्या लग्नाला तो मासेमारीच्या हंगामापायी पोचला नव्हता, आणि तेव्हापासून नादिया त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. आजही पोचलो नाही तर ती पोरगी कायमची गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून काहीही झालं तरी जायचंच, असं त्याने ठरवलं होतं. विमानात पेट्रोल भरलेलं होतं. नातीचा चांदीचा क्रूस खिशात होता.

पण आधी त्या बाईचा सोक्षमोक्ष लावायचा. त्याने चारचाकी हाणली ती थेट केंद्राच्या दारात.

डोरीन एकटीच होती. टेबलावर कॉफीचे दोन पेले होते आणि कागदावर साल्मनचे तुकडे. पुरावाच की!

"मासे गोड लागतात का गं?" वासिली दारातूनच गरजला.

"फार गोड. घे ना एक."

"दात काय काढतेस? त्याला जा आणि मला नको! एका घाटात दोन हवा असतात का?"

"हवा एकच आहे. आणि हार्लनला मी जा म्हटलंच नाही."

"या कानांनी ऐकलंय मी!"

"ऐकलंस खरं. कारण मी ते तुलाच सांगत होते." डोरीनने डोक्यावरचे हेडफोन काढून ठेवले. "हार्लनचा फोन आला तेव्हा हार्लन या खुर्चीत कॉफी पीत बसला होता. सकाळी घाटापर्यंत जाऊन, पुढचं दिसेना म्हणून परत आलेला. घाटातले ढग मला सांगितले ते त्यानेच."

वासिलीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. लाज वाटली, पण राग त्याहून मोठा होता.

"मग मला जाऊन बघ कशाला म्हणालीस? गेलो असतो आणि मेलो असतो तर?"

डोरीनने मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर वासिलीच्या विमानापुढे एक जुना ट्रक आडवा लावलेला होता. ट्रकच्या बॉनेटवर हार्लन पाय सोडून बसला होता, पावसात भिजत.

"ती खबरदारी. मघाशी मी नको म्हटलं आणि तू नुसतं 'बरं' म्हणालास. उन्हाळाभर माझ्याशी हुज्जत न घालता तू एकदा तरी फोन ठेवलायस? तेव्हाच कळलं, हा निघाला. नादियाला लगेच फोन केला. रडली रे पोरगी. म्हणाली, बाबांना अजिबात सोडू नकोस, पाद्रींना मी उद्यापर्यंत थांबवते."

वासिली मटकन खुर्चीत बसला. खिशातला क्रूस त्याने मुठीत घट्ट धरला. 

"पण मग..." तो म्हणाला, "फोनवरच्या हार्लनलाही नको म्हणायचं होतंस."

"मग 'ही बया सगळ्यांनाच घाबरवते' असं म्हणून तू सरळ विमानाकडे गेला असतास. त्याला जा म्हटलं, म्हणून तू आधी माझ्याशी भांडायला आलास."

"आणि नसतो आलो तर? एवढी कशी गं खात्री तुला?"

डोरीनने माशांचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"हवेचा भरवसा नसतो, वासिली. तुझ्या संशयाचा असतो."